हेरवडी रोड

"हे सगळे हुक काढून टाक," आण्णा म्हणाले.

मी मालगाडीचा डबा तळव्यावर उलटा धरून त्याची चाकं साफ करत होते. चाकांवर काळा चिकट थर बसतो. तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा, नखानं चाक फिरवून ते डगमगत नाही ना बघायचं, आणि डबा रुळावर ठेवून हलकी टिचकी द्यायची. सगळं नीट असेल तर डबा रुळाच्या टोकापर्यंत आपला आपण जातो. दुपारपासून माझं हेच चाललं होतं. कोल्हापूरचं प्रदर्शन महिन्यावर आलं होतं.

"कुठले हुक?"

"सगळ्या डब्यांचे. बाजारात मिळतात तसले जोड बसवू. मुंबईला फोन करून मागवलेत मी."

मी बोळा खाली ठेवला. "आण्णा, ते भरतेशनं केलेत."

"मग मला ठाऊक नाही होय?"

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. हात फार थरथरायला लागला की ते असंच करायचे.

याला आता वीसेक वर्षं झाली. आण्णा म्हणजे माझे सासरे, धनपाल चौगुले. मिरजेत आयटीआयच्या पोरांना फिटरचं काम शिकवून ते निवृत्त झाले होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. भरतेश त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा नवरा. घराच्या मागं पत्र्याची लांबट शेड होती, आणि त्या शेडमध्ये बापलेकांनी मिळून एक रेल्वे उभी केली होती. वीतभर लांबीचे डबे, अंगठ्याएवढे सिग्नल, उसाच्या मळ्यातून जाणारा रूळ, ओढ्यावरचा पूल, आणि मधोमध एक स्टेशन. स्टेशनावरची पाटी आण्णांनी स्वतः रंगवली होती : 'हेरवडी रोड'.

हेरवडी हे आण्णांचं गाव. तिथं रेल्वे कधी आली नाही. आण्णा लहान असताना एकदा साखळ्या घेऊन मोजणीवाले आले होते, शेतातून निशाणं रोवून गेले होते. गावानं त्यांना गूळ-शेंगा खायला घातल्या. मग निशाणं पावसानं पडली आणि ढोरांनी तुडवली. आण्णा निवृत्त झाले आणि त्यांनी स्वतःच गावाला रेल्वे आणली. भरतेश गमतीनं म्हणायचा, "आमच्या वडिलांनी सरकारची वाट बघायचं सोडून दिलं."

आणि ते हुक. मी मिरजेत डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात कवळ्या करायची. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझी प्रयोगशाळा होती. मेण, प्लास्टर, छोटी छोटी कोरायची हत्यारं. एकदा एक उंच, सावळा माणूस दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दात सरळ करायला वापरतात ती तार थोडी मिळेल का?"

"कुणाचे दात?" मी विचारलं.

"दात नाहीत. रेल्वेचे डबे आहेत."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेला एक डबा काढला आणि दोन डबे एकमेकांना जोडायचा हुक कसा हवा ते मला दाखवलं. साधी तार वाकते, ही वाकत नाही, असं त्याचं म्हणणं. मी त्याला वीतभर तार दिली. पुढच्या आठवड्यात तो परत आला. मग परत. डब्यांना एवढी तार लागत नाही हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. तोवर मलाही त्याची वाट बघायची सवय झाली होती.

लग्नानंतर काही वर्षं बरी गेली. मग एके दिवशी महामार्गावर त्याच्या मोटारसायकलला मागून ट्रकनं धडक दिली. त्याबद्दल मी इथं जास्त काही लिहीत नाही.

त्यानंतर वर्षभर शेडला कुलूप होतं. आण्णा सकाळी बस्तीत भगवंतांच्या दर्शनाला जाऊन यायचे आणि उरलेला दिवस पेपर हातात धरून बसायचे. माझ्या माहेरच्यांनी निपाणीला येऊन राहा म्हणून दोन-तीनदा निरोप पाठवला. गल्लीतल्या बायकाही बोलायच्या, तरणी सून आणि सासरा दोघंच घरात म्हणून. मी गेले नाही. म्हाताऱ्या माणसाला एकट्याला टाकून जायचं माझ्या मनातच आलं नाही.

एका रविवारी मागून किणकिण आवाज आला. शेडचं दार उघडं होतं. आण्णा एक डबा रुळावर ठेवायचा प्रयत्न करत होते. हात इतका थरथरत होता की चाकं रुळावर नुसती वाजत होती, बसत नव्हती. मी दारात उभी आहे हे त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी डबा खाली ठेवला, हात झटकला, परत उचलला. परत तीच किणकिण.

मी आत गेले, त्यांच्या हातातून डबा घेतला आणि रुळावर ठेवला.

"पुढची चाकं आधी," ते म्हणाले. "मग मागची. घाई नाही करायची."

तेव्हापासून मी त्यांचे हात झाले. दवाखान्यातून घरी आले की चहा करायचा आणि दोन कप घेऊन शेडमध्ये जायचं. डबे हलके असले की वळणावर कलंडतात, हे त्यांनी मला शिकवलं. दातांच्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये शिशाचा पातळ कागद असतो, तो आम्ही दवाखान्यात टाकून देतो, हे मी त्यांना सांगितलं. मग मी ते कागद जमवायला लागले. त्यांची गुंडाळी करून डब्यांच्या तळाला चिकटवली आणि डबे वळणावरून असे ऐटीत जायला लागले की आण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. "दातांच्या डॉक्टरांनी रेल्वेला हातभार लावला की," ते म्हणाले. भरतेश गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा.

म्हणून त्या दिवशी त्यांनी हुक काढायला सांगितले तेव्हा मला ते सहनच होईना.

"चांगले चाललेत की हुक. बदलायचे कशाला?"

"तुला लावता येतात म्हणून चाललेत. डबा जरा तिरका धरून, टोक वर करून, मग खाली. ही खुबी तुला ठाऊक, मला ठाऊक. तिसऱ्या माणसाला जमतं का?"

"तिसरा माणूस कशाला लावतोय? मी आहे ना."

आण्णा म्हणाले, "प्रदर्शन आहे. माणसं हात लावतात. काढ."

आण्णा कधी हट्ट करायचे नाहीत. जेवणात मीठ कमी पडलं तरी मागून घ्यायचे नाहीत. म्हणून मला जास्तच राग आला. रागारागात मी चिमटा घेतला आणि एकेक हुक काढायला लागले. काही हुक अगदी सुबक होते, काही वाकडे. वाकडे ते सुरुवातीचे असणार, तार मागायला तो नवा नवा यायचा तेव्हाचे. मी ते एका काचेच्या बाटलीत टाकत गेले. आण्णा माझ्याकडं बघत होते. "बाटली तुझ्याजवळ ठेव," एवढंच म्हणाले.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढचा सगळा महिना त्यांनी मला सुचू दिलं नाही. जुनी प्लास्टिकची चाकं काढून धातूची बसवायला लावली. प्रत्येक आसावरच्या दोन चाकांमधलं अंतर सारखंच पाहिजे म्हणून पितळेचं एक माप माझ्याकडून घासून घेतलं आणि प्रत्येक डबा त्या मापाला लावून बघायला सांगितला. सगळी रेल्वे ज्यांच्यावर मांडली होती त्या फळ्या चार तुकड्यांत होत्या. त्या जोडताना वायरी कुठली कुठं लावायची हे आम्हाला तोंडपाठ होतं, तरी आण्णांनी त्या रंगीत करायला लावल्या, लाल लालमध्ये, निळी निळ्यामध्ये. एक जुनं इंजिन सुरू करताना त्याला बोटानं जरा ढकलावं लागायचं. ते उघडून, त्याच्या मोटारीतले झिजलेले कार्बन बदलून, तेल देऊन, ते नुसत्या बटणावर चालायला लागेपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

"ढकललं तर काय बिघडलं?" मी वैतागून म्हटलं.

"बिघडलं नाही. पण ढकलावं लागतं हे ठाऊक असावं लागतं."

"मला ठाऊक आहे."

"होय," आण्णा म्हणाले. "तुला सगळंच ठाऊक आहे."

त्यांच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, पण माझं तिकडं लक्ष नव्हतं. माझ्या मनात त्या वेळी दुसरं एक चाललं होतं. दिवाळीच्या आधी डॉक्टर मुजावरांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. नाशिकला एक नवीन दंत महाविद्यालय निघालं होतं. तिथं कवळ्या आणि दात करायचं काम मुलांना शिकवायला माणूस हवा होता, आणि डॉक्टरांनी माझं नाव सांगितलं होतं.

"तुझ्यासारखा हात मी बघितलेला नाही त्रिशला," ते म्हणाले होते. "इथं माझ्या मागच्या खोलीत किती दिवस बसणार? तिथं शिकवशील, शिकशील. राहायला जागाही देताहेत."

शिकवायचं मला लहानपणापासून वेड. शाळेत असताना मी घरातल्या उशा ओळीनं मांडून त्यांना गणित शिकवायची. डॉक्टर बोलत होते तेवढा वेळ मी नाशिकलाच होते. पांढरा कोट घालून फळ्यापुढं उभी होते. मग मला शेड आठवली. आण्णा आठवले. शर्टाची बटणं मी लावून द्यायची त्यांच्या. ताटातली आमटी सांडते म्हणून वाटीत भात कालवून द्यायची. ते घर, ती शेड, त्यांचं गाव आणि त्यांचा मुलगा, सगळं एकाच ठिकाणी होतं. तिथून त्यांना हलवायचं म्हणजे मुळातूनच उपटायचं. आणि मी गेल्यावर डबे रुळावर कोण ठेवणार?

"नाही जमणार डॉक्टर," मी म्हटलं, आणि केबिनबाहेर आले. आण्णांना काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं उरलंच नव्हतं काही.

*

प्रदर्शन कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात होतं. कुणी काडेपेट्या मांडल्या होत्या, कुणी पोस्टाची तिकिटं, एकानं तांदळावर कोरलेली नावं. आमच्या रेल्वेला मधली जागा मिळाली होती. टेंपोतून फळ्या उतरवून आम्ही जोडल्या, तर पहिल्याच फेरीत मेल गाडी पुलाजवळ घसरली. डबे एकावर एक चढले. भोवती जमलेल्या लोकांतून 'अरेरे' असा आवाज आला.

प्रवासात धक्का बसून दोन फळ्यांच्या सांध्यावरचा रूळ केसभर वर आला होता. डोळ्यांना दिसत नव्हता, पण बोट फिरवलं की लागत होता. मी दवाखान्यातली बारीक कानस आणली होती. खाली बसून हळूहळू घासलं. घासताना मी मान वर करून आण्णांकडं बघितलं. एरवी असं काही झालं की ते वाकून माझ्या खांद्यावरून बघायचे, इथं घास, तिथं नको, असं सांगायचे. आज ते लांब खुर्ची टाकून बसले होते आणि एका बाईंशी बोलत होते. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

त्या बाई म्हणजे इंदुमती शिंत्रे. कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. पन्नाशीच्या, आडव्या अंगाच्या, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाल्या आणि बरोबर निळ्या गणवेशातल्या मुलींचा घोळका घेऊन आल्या.

"या, या," आण्णा उठून म्हणाले. "त्रिशला, ह्यांना गाडी चालवू दे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुणाला?"

"ह्यांना. मॅडमना आणि मुलींना."

आजवर गाडी चालवायच्या कंट्रोलरला भरतेश, आण्णा आणि मी सोडून कुणाचा हात लागलेला नव्हता. मी बाजूला झाले, पण नजर हटवली नाही. एका मुलीनं बटण फिरवलं. इंजिन न ढकलता निघालं. शिंत्रेबाईंनी मालगाडीचे दोन डबे उचलले, रुळावर ठेवले आणि नुसते एकमेकांकडं सरकवले. टक् असा आवाज झाला आणि डबे जोडले गेले. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"किती सोपं आहे हो!" बाई मला म्हणाल्या. "मला वाटलं, ह्याला फार शिकावं लागत असेल."

मी हसले, पण आतून मला रडू येत होतं. ते सोपं नव्हतं. ते सोपं केलं होतं, महिनाभर, माझ्या हातांनी.

दुपारभर मुली गाडी चालवत राहिल्या. एकदा डबा घसरला, तेव्हा मी पुढं व्हायला लागले, तर आण्णांनी खुर्चीतूनच हात वर करून मला थांबवलं. "बघू दे त्यांना," ते म्हणाले. मुलींनी पितळेचं माप शोधलं, चाकाला लावलं, डबा परत रुळावर बसवला. आण्णा मान डोलवत होते. मला मात्र त्यांचा इतका राग आला होता की त्या दिवशी आम्ही उतरलो होतो त्या पाहुण्यांच्या घरी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. भात मात्र कालवून दिला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रदर्शन संपलं. लोक आपापलं सामान बांधायला लागले. मी डब्यांची खोकी काढली, तर शिंत्रेबाई आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कशाला त्रास घेताय? आम्ही गाडी सांगितली आहे. फळ्या अशाच उचलून थेट शाळेत नेतो. मोठी खोली रिकामी करून ठेवली आहे. मुली तर आजच—" माझा चेहरा बघून त्या थांबल्या. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"आण्णांनी आम्हाला दिली रेल्वे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

आण्णा बाहेर होते. कार्यालयाच्या आवारात चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर बसून ते बशीतून चहा प्यायचा प्रयत्न करत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तुम्ही रेल्वे देऊन टाकली?"

"बस," ते म्हणाले.

"मला न विचारता?"

"तू तरी मला विचारलंस का? नाशिकला नाही म्हणताना?"

मी बसले.

"कवळी टोचत होती म्हणून मुजावरांकडं गेलो होतो," आण्णा म्हणाले. "त्यांना वाटलं मला ठाऊक असणार. म्हणाले, तुमच्या सूनबाई नाही म्हणाल्या, फार वाईट वाटलं. मला काय बोलावं सुचेना. तोंडात कवळी नव्हती ते बरं झालं." ते थोडं हसले. "मग मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही तिकडं नाही म्हणून कळवू नका. मला थोडे दिवस द्या. ते म्हणाले, देतो."

"म्हणजे महिनाभर तुम्ही—"

"महिनाभर. दुसऱ्याच्या हातात द्यायची तर ती दुसऱ्याच्या हातात चालायला पाहिजे. नाहीतर चार दिवसांत अडगळीत पडली असती. बाई भल्या आहेत. मी आधी जाऊन त्यांची शाळा बघून आलोय."

"तुम्ही कोल्हापूरला आलात? एकटे? एसटीनं?"

"सुटे पैसे कंडक्टरनंच खिशातून काढून घेतले. भला माणूस होता."

मला हसावं की ओरडावं ते कळेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मला ते पुसायचंही भान नव्हतं. टपरीवाला आमच्याकडं बघत होता.

"आण्णा, मी रेल्वेसाठी थांबले नव्हते. तुमच्यासाठी थांबले होते. रेल्वे देऊन काय होणार? तुम्ही एकटे कसे राहणार तिथं? बटणं कोण लावणार तुमची? जेवायचं काय?"

"एकटा कोण राहतंय?"

मी त्यांच्याकडं बघितलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले. थरथरणारा हात त्यांनी लपवला नाही. "मुजावरांकडून चौकशी केली. कॉलेज तुला दोन खोल्या देणार आहे. दोन खोल्यांत माणूस मावतो, शेड मावत नाही. आणि शेड आहे तोवर तू म्हणणार, आण्णांना इथून हलवायचं कसं, त्यांचा जीव तिथं आहे. होय की नाही?"

मी मान हलवली.

"जीव होता. नाही म्हणत नाही. भरतेश गेल्यावर मला वाटलं, तो तिथंच आहे. खिळ्याखिळ्यात. पण गेली दोन-तीन वर्षं मी तिथं बसतो ते तुझी चहा घेऊन यायची वेळ झाली म्हणून. गाडी नसती तरी बसलो असतो." त्यांनी बशी बाजूला सरकवली. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं. "मी म्हातारा माणूस. हाताचा असा. परक्या गावात तुला माझं ओझंच होईल. तुला सासरा बरोबर न्यायचा नसला तर सांग, माझी बहीण आहे इचलकरंजीला, ती ठेवून घेईल. मी वाईट वाटून घेणार नाही. पण मला विचारायचं होतं. नेतीस का मला?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं एखादं लहान पोर मोठ्या माणसाकडं बघतं. इतकी वर्षं मी समजत होते, मी ह्यांना धरून ठेवलंय. आणि हे म्हातारपणी, हातात चहाची बशीसुद्धा धरता येत नसताना, घर, गाव, मुलाच्या हातचं सगळं मागं टाकून माझ्यामागं यायला निघाले होते. फक्त मी नेते का, एवढं विचारायला त्यांना महिना लागला होता.

"नाशिकला थंडी फार पडते," मी म्हटलं. "तुमचा स्वेटर कोपरावर फाटलाय."

"मग घे की नवीन," आण्णा म्हणाले.

मी तोंडात पदर धरला. टपरीवाल्यानं न मागता आणखी एक चहा आणून ठेवला. मी बशी आण्णांच्या ओठांशी धरली आणि त्यांनी तो सावकाश संपवला.

आत गेले तेव्हा मुली डबे भरत होत्या. मालगाडीच्या शेवटी गार्डचा छोटा डबा होता, पुठ्ठ्याचा, भरतेशनं कॉलेजात असताना केलेला. तो मी उचलला. एवढा एक आपल्याकडं राहू द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"हां, तो शेवटचा," शिंत्रेबाई लगबगीनं म्हणाल्या. "त्याच्यामागं लाल खूण आहे ना? आण्णांनी सांगितलंय आम्हाला. ती दिसल्याशिवाय पूर्ण गाडी गेली असं स्टेशनमास्तर धरतच नाही. मुलींनी वहीत चित्र काढलंय त्याचं."

एक मुलगी माप हातात घेऊन वाट बघत उभी होती. मी तो डबा तिच्या हातात दिला.

"पुढची चाकं आधी ठेवायची," मी तिला सांगितलं. "मग मागची. घाई करायची नाही."

संक्रांत झाल्यावर आम्ही नाशिकला गेलो. सामान थोडंच होतं. आण्णांनी नवा करडा स्वेटर प्रवासातच घातला आणि उकडत होतं तरी काढला नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी निघाले तर तेही चपला घालून दारात उभे. मी म्हटलं, तुम्ही कुठं? ते म्हणाले, येतो फाटकापर्यंत. वाटेत त्यांनी माझा हात धरला होता, किंवा मी त्यांचा. नुकतंच उजाडल्यासारखं कोवळं ऊन होतं आणि रस्त्यात धुकं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आम्हाला अडवलं.

"बाबा, कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही," आण्णा म्हणाले. "हिला सोडायला आलोय. आज पहिला दिवस आहे."

पहारेकरी माझ्याकडं, माझ्या हातातल्या पांढऱ्या कोटाकडं आणि परत त्यांच्याकडं बघायला लागला. आण्णांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

"किती वाजता सुटतं?" त्यांनी मला विचारलं.

"पाचला."

"बरं. येतो मग न्यायला."

मी आत गेले. दिवसभर मुलांना मेण कसं तापवायचं, किती तापवायचं, ते शिकवत राहिले. बोलून बोलून घसा बसला. पाचला बाहेर आले तर आण्णा फाटकाशी होते. पहारेकऱ्यानं त्यांना बसायला आपलं स्टूल दिलं होतं आणि ते त्याला हेरवडीची गोष्ट सांगत होते.